दोन बस एकदम का येतात?

दरवर्षी मॅगझिनच्या मराठी विभागाला लेख कमी पडतात आणि मग ज्यांचं आडनाव मराठी त्यांना पकडून आणलं जातं. मीही तशीच पकडली गेले. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये, त्यामुळे माझं मराठी म्हणजे घरात बोलतो तेवढंच. शुद्धलेखन आईने तपासलंय, तरी उरलेल्या चुका माझ्याच. कविता मला जमत नाही. 'कॉलेजचा कट्टा' या विषयावर दर वर्षी कुणी ना कुणी लिहितंच. म्हणून मी सरळ आपल्या अभ्यासातलाच एक विषय घेतला आहे, बस आणि तिची वाट पाहणं.

खरं सांगायचं तर मराठी आकडे मला बसनेच शिकवले. शाळेत सगळे आकडे इंग्रजीत. पण बेस्टच्या बसच्या कपाळावर नंबर मराठीत लिहिलेला असायचा. आजोबा मला जुहू बस स्टेशनवर घेऊन जायचे आणि येणाऱ्या प्रत्येक बसचा नंबर वाचायला लावायचे. मराठी १ मला इंग्रजी नऊसारखा दिसायचा, त्यामुळे सांताक्रूझ स्टेशनहून येणारी २३१ ही कितीतरी दिवस माझ्यासाठी 'दोनशे एकोणचाळीस' होती. आजोबा हसायचे, पण चुकीचा नंबर वाचला की आईस्क्रीम कॅन्सल! एवढं झाल्यावर मी बसमध्ये मात्र क्वचितच बसले. जुहूत वाढलेल्या आमच्यासारख्यांची तीच तर गंमत आहे. घराखाली रिक्षा मिळते, बाबांची गाडी असते, बस आपण फक्त बघतो.

मग जुहूत बसने येतं कोण? एक दिवस सकाळी साडेआठला स्टॉपवर उभं राहून बघा. घरकामाच्या मावश्या, वॉचमन, हॉस्पिटलच्या आया आणि नर्स, दुकानांतली मुलं, हॉटेलात काम करणारे. म्हणजे ज्यांच्यामुळे जुहूची सकाळ सुरू होते ते सगळे.

आमच्या घरी काम करणाऱ्या मावशी नालासोपाऱ्याहून येतात. लोकलने सांताक्रूझ, तिथून बस. चार घरांची कामं. पहिल्या घरी उशीर झाला की पुढच्या तिन्ही घरी उशीर, ही त्यांची साधी साखळी. गेल्या वर्षी दोन नंबरच्या घराने "तुमच्या टायमिंगचं काही खरं नाही" म्हणून त्यांना काढून टाकलं. तेव्हापासून मावशी रोज एक लोकल आधीची पकडतात. बहुतेक दिवशी त्या आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात वीस-पंचवीस मिनिटं बसून असतात, कारण इतक्या लवकर बेल वाजवायला त्यांना संकोच वाटतो. हे मला कळलं तेव्हा फार लाज वाटली.

९ मे २०२५ ला बेस्टचं कमीत कमी भाडं ५ रुपयांवरून १० रुपये झालं, एसी बसचं ६ वरून १२. २०१९ च्या जुलैमध्ये हेच भाडं ८ वरून ५ वर आणलं होतं, ते आता असं वर गेलं. मी मोठ्या हुशारीने मावशींना हिशोब करून दाखवला. महिन्याचे २६ दिवस, रोज दोन वेळा, प्रत्येक वेळी ५ रुपये जास्त, म्हणजे महिन्याला २६० रुपये. मावशी लादी पुसता पुसता म्हणाल्या, "बेबी, पैसे वाढले ते कळतं तरी. थांबायचं कुनी मोजतंय का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. नंतर कळलं की थांबायचंही मोजता येतं, आणि तेही आपल्या सेकंड इयरच्या गणिताने. तेच आज सांगायचं आहे. पण आधी थोडं बेस्टबद्दल, कारण आपण रोज बघतो त्या लाल बसचा इतिहास आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असतो. (मलाही नव्हता.)

कुलाब्याचे दिवे आणि जुहूची बस

१८७३ मध्ये बॉम्बे ट्रामवे कंपनी निघाली आणि ९ मे १८७४ ला मुंबईत घोड्यांनी ओढायची ट्राम सुरू झाली. (भाडेवाढीची तारीखही ९ मे. योगायोग!) १९०५ मध्ये बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज ही कंपनी झाली, १९०७ मध्ये विजेवरची ट्राम धावली. बस आली ती १५ जुलै १९२६ ला, अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट. ७ ऑगस्ट १९४७ ला, म्हणजे स्वातंत्र्याच्या बरोबर आठ दिवस आधी, हा सगळा कारभार महापालिकेने ताब्यात घेतला. नावातला शेवटचा 'टी' तेव्हा ट्रामवेजचा होता तो ट्रान्सपोर्टचा झाला. अक्षर तेच राहिलं, पाटी बदलायचा खर्च वाचला असेल! ट्राम ३१ मार्च १९६४ ला बंद झाली.

आता यातला मला सर्वात आवडलेला भाग. बेस्ट बस चालवते आणि वीजही पुरवते. पण वीज फक्त बेट शहरात, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत. जुहूत बेस्टची बस येते, बेस्टची वीज नाही. आपल्याकडे आधी बीएसईएस, मग रिलायन्स, २०१८ पासून अदानी. आणि कित्येक वर्षं बसचा तोटा वीज विभागाच्या पैशातून भरून निघत होता. म्हणजे कुलाब्याच्या माणसाने घरात दिवा लावायचा आणि त्या बिलातून जुहूच्या बसचं डिझेल भरायचं! बरोबर की चूक हा वाद कोर्टापर्यंत गेला आणि पुढे तो आधार तुटला. एके काळी साडेचार हजारांच्या आसपास असलेल्या बस आता तीन हजारांच्या आत आल्या आहेत. त्यातल्या बहुतेक भाडेतत्त्वावरच्या, म्हणजे गाडी आणि ड्रायव्हर खासगी कंत्राटदाराचे आणि पैसे किलोमीटरवर.

त्यामुळे 'बस कमी झाल्या' ही तक्रार आकड्यांत खरीच आहे. पण मावशींची तक्रार वेगळी आहे. त्यांचं म्हणणं, बस येतात, पण एकदम येतात. आधी काहीच नाही आणि मग दोन, एकीच्या मागे एक. हे तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. कुठल्या नंबरची बस ते मुद्दाम लिहीत नाही, कारण हे जगातल्या कुठल्याही शहरातल्या कुठल्याही नंबरला लागू आहे, आणि ते लागू का आहे हेच गणित आहे.

मागची पुढचीला का गाठते

समजा दर दहा मिनिटांनी एक बस सुटते. प्रत्येक स्टॉपवर मिनिटाला दोन माणसं येतात आणि एका माणसाला चढायला तीन सेकंद लागतात. (उतरणारे तेवढ्या वेळात पुढच्या दाराने उतरतात असं धरू.) वेळेवरच्या बसला प्रत्येक स्टॉपवर २० माणसं मिळतील आणि ती ६० सेकंद थांबेल. वेळापत्रकात तेवढे ६० सेकंद धरलेलेच आहेत. सगळं छान.

आता एका बसला सिग्नलवर दोन मिनिटं जास्त लागली. कुणी आडवी कार लावली, काहीही. पुढच्या स्टॉपवर ती पोचते तेव्हा आधीच्या बसला जाऊन दहा नाही, बारा मिनिटं झालेली आहेत. तिथे २० नाही, २४ माणसं उभी. चढायला ७२ सेकंद. म्हणजे उशीर १२० चा १३२ सेकंद झाला. त्यापुढच्या स्टॉपवर आणखी थोडी जास्त माणसं, आणखी थोडा उशीर. प्रत्येक स्टॉपला उशीर १.१ ने गुणला जातो. हे चक्रवाढ व्याज आहे! दहा स्टॉपनंतर १.१ चा दहावा घात, साधारण २.६, म्हणजे दोन मिनिटांचे पाच मिनिटांहून जास्त झाले. ड्रायव्हरने काहीही चूक केलेली नाही.

आणि तिच्या मागच्या बसचं काय? तिच्या वाट्याचे प्रवासी पुढचीनेच उचलले. तिला स्टॉपवर २० ऐवजी १६ माणसं. ती कमी थांबते, लवकर निघते, पुढच्या स्टॉपवर आणखी कमी माणसं. पुढची हळू होत जाते, मागची जोरात येत राहते आणि एका क्षणी दोघी एकत्र. एकदा एकत्र झाल्या की सुटत नाहीत, कारण पुढची सगळी गर्दी घेते आणि मागची रिकामी तिच्या शेपटीला चिकटून जाते.

हे गणित नेवेल आणि पॉट्स या दोघांनी १९६४ मध्ये मांडलं. मुंबईत ट्राम बंद झाली तेच वर्ष. त्यातला मुद्दा माझ्या डोक्यात पक्का बसला तो असा. बसचं वेळापत्रक ही टेकडीच्या टोकावर ठेवलेली गोटी आहे. तिला कुणी हात लावला नाही तरच ती तिथे राहील. आपल्या कंट्रोल सिस्टिम्सच्या सरांच्या भाषेत, अनस्टेबल इक्विलिब्रियम. वाटीतल्या गोटीसारखी ती आपोआप जागेवर परत येत नाही.

थांबायचं कोण मोजतं

आता मावशींचा प्रश्न. तासाला सहा बस असतील तर सरासरी किती थांबावं लागेल? दर दहा मिनिटांनी एक, अगदी घड्याळासारखी, तर सरासरी ५ मिनिटं. कुणाला शून्य, कुणाला दहा.

आता त्याच सहा बस जोड्यांनी येऊ द्या. २० मिनिटं काही नाही, मग दोन. परत २० मिनिटं, परत दोन. तासाला सहाच. डेपोच्या कागदावर सहाच्या सहा फेऱ्या झाल्या, रकान्यात बरोबरची खूण. पण स्टॉपवर येणारा प्रत्येक माणूस २० मिनिटांच्या खड्ड्यात येतो आणि सरासरी १० मिनिटं थांबतो. बस तेवढ्याच, थांबणं दुप्पट!

सूत्र असं आहे: सरासरी थांबणं बरोबर सरासरी अंतराचा अर्धा, गुणिले (एक अधिक, अंतराच्या व्हेरिअन्सला सरासरीच्या वर्गाने भागून येईल तो आकडा). वरच्या उदाहरणात अंतरं ० आणि २०, सरासरी १०, व्हेरिअन्स १००. म्हणून ५ गुणिले २, बरोबर १०. करून बघा, पटकन जमतं. परीक्षेत व्हेरिअन्स काढताना मला नेहमी वाटायचं की याचा कुणाला काय उपयोग. याचा उपयोग मावशी जिन्यात बसतात तिथे आहे.

मधली परिस्थिती घ्या. अंतरं आलटून पालटून ४ आणि १६ मिनिटं. सरासरी अजून दहाच. थांबणं ६.८ मिनिटं, फार वाईट नाही. पण गर्दी बघा. २० मिनिटांत जेवढी माणसं स्टॉपवर आली त्यातली १६ मिनिटांची, म्हणजे ८० टक्के, एकाच बसमध्ये कोंबली गेली. उरलेली २० टक्के दुसऱ्या, रिकाम्या बसमध्ये. आता वाद कसा होतो पाहा. बस चालवणारे म्हणतात, "आमच्या निम्म्या बस रिकाम्या धावतात." प्रवासी म्हणतात, "दहातल्या आठ वेळा मी लटकत येते." दोघंही खरं बोलतायत! एक जण बस मोजतोय, एक जण माणसं मोजतोय. घरी हे सांगितल्यावर बाबा पाच मिनिटं गप्प होते, ही माझी इंजिनिअरिंगमधली आजवरची सर्वात मोठी कामगिरी.

म्हणून मोजायचं काय, यावर सगळं अवलंबून आहे. लंडनमध्ये बस खासगी कंपन्याच चालवतात. तिथे २००१ पासून कंत्राटात एक वेगळा आकडा आला. तासाला पाच किंवा जास्त बस असलेल्या रूटवर 'वेळेवर आली का' हे विचारतच नाहीत. प्रवाशाला प्रत्यक्षात सरासरी किती थांबावं लागलं, त्यातून वेळापत्रकाप्रमाणे जेवढं थांबावं लागलं असतं ते वजा करतात. उरलेलं ते जादा थांबणं. आपल्या जोडीच्या उदाहरणात ५ मिनिटं. त्या आकड्यावर कंत्राटदाराला बक्षीस किंवा दंड. नुसत्या किलोमीटरवर पैसे दिले तर जोडीने धावलेल्या दोन बसचे किलोमीटर तेवढेच भरतात. माझ्या मते यातच खरी मेख आहे.

उपाय काय? सर्वात जुना उपाय म्हणजे लवकर आलेल्या बसला टर्मिनसवर थोडं रोखून धरणं. जुहू बस स्टेशनसारख्या ठिकाणी चौकीत स्टार्टर बसलेला असतो, गाडी कधी सोडायची ते तोच ठरवतो, म्हणजे ही खुर्ची आपल्याकडे आधीपासून आहे. अमेरिकेत जॉर्जिया टेकच्या कॅम्पसवर बार्थोल्डी आणि आयझेनस्टाइन या दोन प्रोफेसरांनी यापुढे जाऊन वेळापत्रकच बाजूला ठेवलं. २०१२ मध्ये त्यांचा पेपर आला. नियम एकच. शेवटच्या स्टॉपवर आलेल्या बसने आपल्या मागची बस किती लांब आहे ते बघायचं आणि त्या अंतराच्या ठरावीक हिश्श्याइतकं थांबायचं. मागची लांब असेल तर जास्त, जवळ असेल तर कमी. एवढ्याने सगळी अंतरं हळूहळू सारखी होत जातात. गोटी टेकडीवरून वाटीत! आज बसमध्ये जीपीएस असतं, त्यामुळे मागची किती लांब आहे हे कळणं अवघड नाही. अर्थात कॅम्पसवर एसव्ही रोड नसतो, हे मला मान्य आहे.

एसव्ही रोडवरून आठवलं. बस किती लागतात याचं सूत्र अगदी सोपं आहे: पूर्ण फेरीचा वेळ भागिले दोन बसमधलं अंतर. जाऊन-येऊन ६० मिनिटं आणि दर १० मिनिटांनी बस हवी, तर ६ बस. आता ट्रॅफिकमुळे तीच फेरी ९० मिनिटांची झाली. त्याच सहा बसमध्ये दर १५ मिनिटांनी बस येईल. दहाला हवी असेल तर ९ बस लागतील. म्हणजे एकही बस भंगारात न जाता रस्त्याने तीन बस गिळल्या. जुहूच्या कडेने डी. एन. नगर ते मंडाळे मेट्रोच्या कामाचे पत्रे कित्येक वर्षं उभे राहिले, जुहू तारा रोड तर आधीच अरुंद, आणि त्यात दोन्ही बाजूंना पार्किंग. बस वाढवा म्हणून आपण मागणी करतो, पण बस जोरात चालली तर ते बस वाढवल्यासारखंच असतं. पुण्याने २००६ मध्ये बसला वेगळी लेन देऊन पाहिली ती याच कारणाने. तिथे पुढे काही रस्त्यांवरून ती काढूनही टाकली. ती गोष्ट वेगळी आणि लांबलचक आहे. आणि हो, स्टॉपवरच्या दोन बस चुकवून वैतागून रिक्षात बसणारी मी, त्याच रस्त्यावर आणखी एक वाहन वाढवते. त्यामुळे या गणितात मीही एक टर्म आहे.

हे सगळं वाचल्यावर मला कंडक्टर लोकांबद्दल फार आदर वाटायला लागला. "पुढे चला, पुढे चला" हे त्यांचं ओरडणं म्हणजे माणशी तीन सेकंदांचे अडीच करणं. आपल्या उदाहरणात १.१ चा आकडा तेवढ्याने १.०८ च्या आसपास येतो, आणि दहा स्टॉपनंतर पाच मिनिटांच्या जागी साडेचार मिनिटांचा उशीर. "मागची गाडी खाली येतेय, तिने या" म्हणून डबल बेल मारून ते निघतात तेव्हा आपल्याला राग येतो. पण उशीर झालेली गाडी प्रवासी कमी घेऊन निघाली की ती पुन्हा वेळेकडे सरकते, आणि मागचीला तिच्या हक्काचे प्रवासी मिळतात. नेवेल-पॉट्स न वाचता!

परवा मावशींना मी हे सगळं वहीत चित्र काढून समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मी शेवटी म्हटलं, "मावशी, त्यामुळे दोन बस आल्या की पुढची सोडा, मागचीत बसा. जागा पण मिळेल तुम्हाला."

त्या म्हणाल्या, "मागची दिसत असेल तर ठीक आहे बेबी. नुसतं कंडक्टर म्हनतो म्हनून सोडली आणि आलीच नाही तर?"

याचं उत्तर काढायला मागच्या बसची जागा स्टॉपवर दिसली पाहिजे, आणि मावशींच्या फोनवर इंटरनेट नाही. आम्ही तिघी मैत्रिणी मिळून थर्ड इयरच्या मिनी प्रोजेक्टला हेच घेणार आहोत. स्टॉपवर एक साधा बोर्ड, त्यावर फक्त एक आकडा, मागची बस किती मिनिटांवर आहे तो. मराठीत, मोठा, आणि १ नऊसारखा दिसणार नाही असा. कुणाला यायचं असेल तर लायब्ररीच्या बाहेर शुक्रवारी चारनंतर आम्ही असतो. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांची विशेष गरज आहे.